लाकडी जहाजाचा हल: पहिल्या पेपरापासून शेवटच्या हातापर्यंत

पट्ट्या लावून संपल्या की मॉडेल जहाज दिसायला सगळ्यात वाईट असतं. पट्ट्यांच्या कडा वरखाली, सांध्यांतून बाहेर आलेला फेविकॉल सुकून पिवळट, पिनांची भोकं, नाळेजवळ, म्हणजे पुढच्या टोकाशी, दोनतीन फटी. अशा वेळी हात आपोआप ८० नंबरच्या पॉलिश पेपरकडे जातो. तो बोटांत गुंडाळून तासभर घासलं की हल, म्हणजे जहाजाचं बाहेरचं अंग, गुळगुळीत होतो खरा, पण बोटांनी दाबलेल्या जागी खळगे पडतात. रंगाचा पहिला हात मारेपर्यंत ते दिसत नाहीत. नंतर मात्र खोलीतल्या प्रत्येक दिव्याखाली दिसतात.

म्हणून आधीच सांगतो: हलचा आकार पेपराच्या नंबरापेक्षा पेपरामागे काय धरलंय त्यावर ठरतो. पुढचं बरंचसं याच एका गोष्टीबद्दल आहे.

उदाहरणासाठी ब्रिटिश नौदलाचं एचएमएस ट्रिंकोमाली घेऊ. जमशेटजी बमनजी वाडियांनी मुंबईच्या गोदीत बांधलेलं हे सागवानी फ्रिगेट (मध्यम आकाराचं लढाऊ जहाज) १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरलं आणि आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला जतन केलेलं आहे. (त्याचे नकाशे घेऊन निघालेलं एचएमएस जावा १८१२ साली ब्राझीलजवळ अमेरिकन जहाजाशी झालेल्या लढाईत गेलं, त्यामुळे ते पुन्हा पाठवावे लागले. मॉडेलवाल्यांनी नकाशांच्या दोन प्रती ठेवाव्यात, ते उगीच नाही.) जहाजाचा तोफांचा डेक साधारण १५० फूट लांब. १:६४ प्रमाणात तो ७१ ते ७२ सेंटीमीटर होतो. या प्रमाणात ०.२ मिलिमीटरची पायरी म्हणजे खऱ्या जहाजावर जवळजवळ १३ मिलिमीटरची पायरी. नखाला जेमतेम लागणारी कड डोळ्याला का खुपते, ते यावरून कळेल.

लाकूड कोणतं, आणि घासायला शिल्लक किती

मूळ जहाज सागाचं म्हणून मॉडेलही सागाचं करावं असा मोह होतो. टाळा. सागाची छिद्रं मोठी आणि रेषा ठळक असतात. १:६४ वर त्या नाल्यांसारख्या दिसतात. शिवाय साग तेलकट, त्यामुळे चिकटवण्याआधी थिनरने पुसावा लागतो. आपल्याकडच्या लाकडांत हेदू बारीक पोताचा, पिवळसर आणि एकसारखा असतो. पातळ पट्ट्या कापून देणारा सुतार मिळाला तर उत्तम. हलवर पट्ट्यांचे दोन थर येतात, आतला आकारासाठी आणि त्यावर बाहेरचा दिसण्यासाठी; किटमध्ये बहुधा आतल्या थराला लाइमवुड आणि बाहेरच्या थराला अक्रोड येतो. अक्रोडाची छिद्रंही लहान प्रमाणाला थोडी मोठीच पडतात, पण तो चांगला घासला जातो.

हल रंगवणार असाल तर लाकडाच्या सौंदर्यावर पैसे घालवू नका. ट्रिंकोमाली काळी आहे, तोफांच्या रांगेवर पांढरा पट्टा आणि पाण्याखाली तांबं. तिच्या मॉडेलमध्ये अक्रोड कुणालाही दिसणार नाही.

आता हिशेब. आतला थर १.५ मिलिमीटर जाड असेल तर त्यातून ०.५ मिलिमीटर गेलं तरी बिघडत नाही. बाहेरचा थर १ मिलिमीटर असेल तर ०.२ ते ०.३ पर्यंतच जायचं. तो ०.६ चा असेल, आणि हल्ली पुष्कळ किटांत असतोच, तर ०.१ च्या पुढे जाऊ नका. म्हणजे आकाराचं सगळं काम आतल्या थरावरच संपलं पाहिजे. वेळेचं सांगायचं तर चारातले तीन भाग आतल्या थराला द्या.

घाई करू नका, विशेषतः पावसाळ्यात

शेवटची पट्टी चिकटवल्यावर निदान २४ तास हलला हात लावू नका. कोकणात किंवा मुंबईत जून ते सप्टेंबरमध्ये ४८ तास थांबा. पांढऱ्या गोंदात पाणी असतं. ते सांध्याजवळचं लाकूड फुगवतं. फुगलेलं असतानाच घासून सपाट केलं, तर वाळल्यावर नेमका सांधा खाली बसतो आणि प्रत्येक पट्टीच्या कडेला उथळ चर दिसू लागते. हा दोष आठवड्याने उघड होतो, तोवर पुष्कळदा रंग मारूनही झालेला असतो.

गोंदाचे गोळे पेपराने काढू नका. पेपर लगेच भरतो, आणि गोंद लाकडापेक्षा चिवट असल्यामुळे आजूबाजूचं लाकूड आधी झिजतं. पटाशी किंवा दाढीचं जुनं ब्लेड जवळजवळ उभं धरून खरवडा. पिना राहिल्या असतील तर पकडीने उपसा. तुटलेली पिन निघत नसेल तर ती ठोकून पृष्ठभागाच्या आत घालवा, नाहीतर पेपर तिच्यावर फाटत राहील.

हल धरायचा कसा

नाळेचा बाक, कणा (तळाचा लांब वासा) आणि वरच्या कठड्याचे उभे तुकडे या तीन गोष्टी घासताना मोडतात. म्हणून कठड्याच्या दोन बाजूंमध्ये जागोजागी आडवे लाकडी तुकडे अडकवून ठेवा, नाळ आणि कण्याला मास्किंग टेपचे दोनतीन थर द्या, आणि हल उलटा ठेवायला फोमची खोबण करा. जाड थर्माकोलमध्ये व्ही आकाराचे दोन खाचे कापून त्यावर जुनं टॉवेल टाकलं तरी चालतं. हल टेबलावर घसरत असेल तर एका हाताने धरताना दुसऱ्या हाताचा दाब असमान पडतो, आणि हा असमान दाब थेट आकारात उतरतो.

पेपर आणि पेपरामागचं

हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा पिवळा किंवा तपकिरी पेपर सुक्या कामासाठी ठीक. काळा वॉटर पेपर सिलिकॉन कार्बाइडचा असतो. तो रंगाच्या हातांमधल्या घासण्यासाठी राखून ठेवा, कारण कोऱ्या फिकट लाकडावर त्याची काळी भुकटी छिद्रांत बसते. नंबर मोठा म्हणजे कण बारीक: पी ८० चा कण सरासरी २०० मायक्रॉनच्या आसपास, पी १२० चा १२५, पी ४०० चा ३५. एकेक पायरी सोडून उडी मारलीत तर आधीच्या कणांचे ओरखडे पुढचा पेपर काढू शकत नाही. १२०, १८०, २४०, ३२० एवढे चार नंबर पुरेसे. ८० नंबर फक्त आतल्या थराच्या मोठ्या उंचवट्यांसाठी.

आता मागच्या आधाराबद्दल. तीन प्रकारचे आधार करून ठेवा.

पहिला लवचीक. साधारण १ मिलिमीटर जाड प्लायची किंवा प्लास्टिकच्या फूटपट्टीची १५ ते २० सेंटीमीटर लांब, ३ सेंटीमीटर रुंद पट्टी. तिच्यावर दुतर्फा टेपने पेपर. ही पट्टी हलच्या लांबीच्या वळणाबरोबर वाकते आणि एकाच वेळी दोनतीन बल्कहेडच्या (पट्ट्या ज्यांवर बसतात त्या सांगाड्यातल्या आडव्या फळ्यांच्या) मधल्या भागावर टेकते. त्यामुळे उंचवटा आधी कापला जातो आणि खळग्यात पेपर शिरत नाही. सगळ्या कामात सर्वांत जास्त हीच लागते.

दुसरा गोल. ६, १२ आणि २० मिलिमीटर जाडीच्या काठ्यांना गुंडाळलेला पेपर. मागच्या बाजूला, जिथे हल आत वळतो आणि सुकाणूच्या खांबाला जाऊन मिळतो, तिथल्या पोकळ भागाला दुसरं काही चालत नाही. पाण्याच्या पाइपचा तुकडाही चालेल.

तिसरा मऊ, म्हणजे कॉर्कचा ठोकळा किंवा फोम. हा शेवटच्या दोन नंबरांसाठी. आकार देताना मऊ आधार वापरायचा नाही. तो उंचवटा आणि खळगा दोन्ही सारखेच घासतो, म्हणजे चूक जशीच्या तशी ठेवतो आणि फक्त चमकवतो.

इलेक्ट्रिक सँडरचं विचाराल, तर मी त्याला हलपासून लांब ठेवतो. ०.६ मिलिमीटरच्या पट्टीतून आरपार जायला त्याला काही सेकंद लागतात.

आतला थर: इथेच जहाज घडतं

सगळ्या हलवर पेन्सिलीने तिरप्या रेघांची जाळी काढा. लवचीक पट्टीला १२० नंबरचा पेपर लावून पट्ट्यांच्या दिशेशी ४५ अंशांत, लांब आणि हलक्या हाताने घासा. मग उलट्या बाजूच्या ४५ अंशांत. पाचसहा हेलकाव्यांनंतर थांबून बघा. जिथली पेन्सिल गेली तो उंचवटा, राहिली तो खळगा. राहिलेल्या रेघा पुसायच्या नादात तिथेच दाबून घासू नका. खळगा खोलच होईल. आजूबाजूचं खाली येईपर्यंत घासायचं, किंवा खळगा भरायचा. पुन्हा जाळी काढा, पुन्हा घासा. कंटाळवाणं आहे, पण याला पर्याय नाही.

तपासायचे आणखी तीन मार्ग आहेत, तीनही वापरा. खोलीतले दिवे बंद करून एकच दिवा हलच्या टोकाला, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरा. प्रत्येक लाटेची सावली पडते. बाहेरच्या थराची एक सुटी पट्टी नाळेपासून मागेपर्यंत वाकवून धरा. ती जिथे टेकत नाही तिथे प्रकाश दिसेल. आणि हातावर पातळ सुती कापड घेऊन डोळे मिटून हल चाचपा. उघड्या बोटांना खरखर जाणवते, त्यात आकार हरवतो. कापडामुळे खरखर जाते आणि फक्त चढउतार कळतात. गॅरेजमध्ये गाडीचे पोचे काढणारे हेच करतात.

दोन्ही बाजू सारख्या आहेत का, हे नजरेवर सोडू नका. नकाशातले आडवे छेद जाड कार्डवर चिकटवून कापा आणि चारपाच ठिकाणी दोन्ही बाजूंना लावून बघा. उजवा हात चालणाऱ्या माणसाची हलची एक बाजू हमखास जास्त घासली जाते. दाब त्याच्या सोयीच्या बाजूला पडतो. हल फिरवून धरून दोन्ही बाजू एकाच हालचालीने घासल्या तर हा फरक कमी होतो.

खळगा १ मिलिमीटरपेक्षा उथळ असेल तर लांबी (पुटी) भरा. इथे लाकडाचा भुसा आणि फेविकॉल यांची घट्ट पेस्टही चालते, कारण हा थर झाकला जाणार आहे. एकदम जाड भरू नका, वाळताना ती आक्रसते. दोन पातळ थर द्या. खळगा १ मिलिमीटरहून खोल असेल तर त्यावर पट्टीचा तुकडा किंवा विनिअर (लाकडाचा पातळ पापुद्रा) चिकटवून पुन्हा घासा. लांबीचा जाड गोळा लाकडासारखा झिजत नाही, भोवतीचं लाकूड आधी जातं आणि जागेवर टेकाड राहतं.

मागचा भाग: सुकाणूच्या खांबाशी

इथे थोडं गणित करू, कारण सगळ्यात जास्त मॉडेलं इथेच बेढब होतात. समजा कणा आणि सुकाणूचा खांब ५ मिलिमीटर जाड आहेत. मधला गाभाही, म्हणजे सांगाड्याची मधली उभी फळी, ५ मिलिमीटर. त्यावर दोन्ही बाजूंना आतला थर १.५ आणि बाहेरचा ०.६. सगळं मिळून ५ अधिक ४.२, म्हणजे ९.२ मिलिमीटर. ते ५ मिलिमीटरच्या खांबाला जाऊन मिळणार! वरून बघितलं तर जहाजाला शेवटी जाड ओठ आल्यासारखा दिसतो, आणि खऱ्या जहाजात सुकाणूकडे पाणी सुरळीत जावं म्हणून हा भाग निमुळता असतो, तो निमुळतेपणाच नाहीसा होतो.

बाहेरचा थर पातळ करायला वाव नाही. त्याचे दोन्ही बाजूंचे १.२ मिलिमीटर वजा केले तर गाभा आणि आतला थर मिळून खांबाजवळ ३.८ मिलिमीटरच उरले पाहिजेत. ते आत्ता ८ आहेत. म्हणजे पट्ट्या लावण्याआधीच गाभा खांबाकडे निमुळता करत आणा, आणि आतला थर लावल्यावर खांबाजवळ तो जवळजवळ कागदासारखा होईपर्यंत घासा. आतल्या पट्टीची कड तिथे तुटू लागली तरी चालेल, गाभा तिच्या पाठीशी आहे. गोल काठीवर १२० नंबर, हालचाल वरून खाली. व्हर्नियरने मोजत राहा.

बाहेरचा थर

आतला थर नीट झाला असेल तर इथे काम थोडं उरतं. सुरुवात पेपराने करू नका, ब्लेडने करा. कटरचं कोरं ब्लेड दोन्ही हातांनी धरून, किंचित पुढे झुकवून, लाकडाच्या रेषेला धरून ओढा. पातळ कीस निघतो, धूळ होत नाही, आणि दोन पट्ट्यांमधली पायरी नेमकी तेवढीच जाते. जुने सुतार यासाठी काचेचा तुकडा वापरत. रेषेच्या उलट ओढलं तर तुसं उठतात, तेव्हा दिशा बदला.

मग लवचीक पट्टीवर १८० आणि २४०, शेवटी मऊ ठोकळ्यावर ३२०. या थरावर सगळं रेषेला धरूनच. तेल किंवा लाख देणार असाल तर ३२० वर थांबा, रंग देणार असाल तर २४० सुद्धा पुरे. त्याहून बारीक घासलं की पृष्ठभाग तुळतुळीत होतो आणि रंगाला धरायला जागा राहत नाही.

फटींचा प्रश्न इथे वेगळा आहे. रंगाखाली जाणारा हल असेल तर लांबी बेलाशक वापरा. लाकूड उघडं राहणार असेल तर मात्र लांबी तेल पीत नाही, तेवढा भाग डागासारखा राहतो. फेविकॉल-भुशाचं मिश्रणही वाळून काळपट पडतं. मोठ्या फटीत त्याच लाकडाची पातळ चीप बसवून ब्लेडने छाटा. केसाएवढ्या फटींना दुसरा उपाय आहे: पातळ लाखेचा हात द्यायचा आणि तो ओला असतानाच ३२० ने घासायचं. निघालेली भुकटी लाखेबरोबर फटीत बसते, आणि रंग त्याच लाकडाचा असल्यामुळे ती शोधूनही सापडत नाही.

पाण्याने पुसून तंतू उठवायचे आणि पुन्हा घासायचे, ही फर्निचरवाल्यांची पद्धत इथे जपून वापरा. ०.६ मिलिमीटरची पट्टी पाणी प्यायली की गोंद सुटतो. कपडा फक्त दमट हवा, आणि पाण्यात मिसळणारा रंग किंवा वार्निश देणार असाल तरच.

घासताना एन ९५ मास्क लावा. लाकडाची धूळ आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवलेली आहे. बाल्कनीत बसून घासलं म्हणून ती कमी होत नाही. काम संपल्यावर झाडू मारू नका, व्हॅक्यूमने ओढून घ्या, आणि हल टर्पेंटाइनने किंचित ओल्या केलेल्या फडक्याने पुसा.

कोणता हात द्यायचा

उघड्या लाकडासाठी माझी पहिली पसंती लाखेला. १०० मिलिलिटर डिनेचर्ड स्पिरिटमध्ये १२ ग्रॅम चपडी (लाखेचे पातळ पापुद्रे) रात्रभर भिजवा, गाळा, आणि मऊ कापडाने पातळ हात द्या. अर्ध्या तासात सुकते. ३२० ने फक्त एकदा हलकं पुसून दुसरा, मग तिसरा. लाख बिघडली तर स्पिरिटने पुसून नव्याने सुरू करता येतं, ही सोय पॉलियुरेथेनमध्ये नाही. दोष एकच: दमट हवेत तिच्यावर पांढुरका धुरकट थर येतो. पाऊस कोसळत असताना लाख लावूच नका. कोरडा दिवस बघा. एकदा विरघळवलेली लाख सहा महिन्यांत संपवा, जुनी झाली की चिकट राहते. एनसी (नायट्रोसेल्युलोज) सीलर आणि लॅकरही लवकर सुकतात, पण त्यांच्यावरही पावसाळ्यात असाच पांढरेपणा येतो, आणि वास घरात दोन दिवस राहतो.

डबल बॉइल्ड लिनसीड ऑइल, म्हणजे जवसाचं तेल, अक्रोडाला सुंदर खोली देतं. एक हात, दहा मिनिटांनी उरलेलं पूर्ण पुसून घ्यायचं, दोन दिवस थांबायचं. त्याचे फडके चुरगळून डब्यात टाकू नका. वाळताना तेल उष्णता सोडतं आणि ढिगातली फडकी आपोआप पेट घेऊ शकतात. ती बाहेर दोरीवर सुटी पसरून वाळवा, किंवा पाण्यात बुडवून ठेवा. आणखी एक: तेल दिलेल्या लाकडावर गोंद धरत नाही. हलवरचे जाड पट्टे आणि शिडाच्या दोरांचे आधार तेलाआधी चिकटवून टाका, किंवा त्या जागा टेपने झाका.

शेवट कशानेही करा, चमक मात्र मॅट किंवा फार तर अर्धमॅट ठेवा. ग्लॉस वार्निश लावलेलं १:६४ चं जहाज खेळण्यासारखं दिसतं.

रंग आणि तांबं

रंगवायचं असेल तर राखाडी प्रायमरचा एक पातळ हात द्या आणि पुन्हा तो बाजूचा दिवा घ्या. लाकडाच्या रंगछटांमुळे लपलेले दोष एकसारख्या राखाडीत उघडे पडतात. जिथे दिसतील तिथे बारीक लांबी, ४०० चा वॉटर पेपर, पुन्हा प्रायमर. हे दोनदा केलं की रंगाचे हात तीनचार, सगळे पातळ. पाण्याच्या रेषेसाठी मास्किंग टेप लावल्यावर तिच्या कडेवर आधी मॅट वार्निशचा हात द्या आणि मग रंग; वार्निश टेपखाली झिरपून फट बंद करतं, त्यामुळे रंग झिरपत नाही.

रॉयल नेव्हीने १७७९ पासून पुढच्या काही वर्षांत आपल्या जहाजांच्या तळांना तांब्याचे पत्रे ठोकले, ते लाकूड पोखरणाऱ्या समुद्री किड्यांपासून आणि शेवाळ-शिंपल्यांपासून वाचवण्यासाठी. पत्र्याचं माप ४ फूट बाय १४ इंच, म्हणजे १:६४ ला १९ बाय ५.६ मिलिमीटर. रंगीत काचकामासाठी मिळणारी ७/३२ इंची चिकट तांब्याची पट्टी नेमकी याच रुंदीची आहे. ती १९ मिलिमीटरवर कापा आणि मागून पुढे लावत या, म्हणजे पुढचा पत्रा मागच्यावर किंचित चढतो. तांब्याची पट्टी जाडीने अगदी कमी असते, म्हणून खालचा कण न् कण वर उमटतो. जो भाग झाकला जाणार तो घासण्यात सूट मिळेल, असं समजू नका. उलट तो ३२० पर्यंत नेऊन लाखेचे किंवा सीलरचे दोन हात द्या, कारण कोऱ्या लाकडाच्या धुळीवर पट्टीचा गोंद टिकत नाही.

पत्रे लावताना सुती हातमोजे घाला. बोटांच्या घामाचे ठसे तांब्यावर आठवडाभरात काळे उमटतात आणि मग नुसत्या पुसण्याने जात नाहीत. शेवटचा पत्रा बसला की सगळा तळ स्पिरिटने पुसा. चकाकी टिकवायची असेल तर त्याच दिवशी मॅट लॅकर मारा. तांबं वयानुसार तपकिरी होऊ द्यायचं असेल तर काहीच लावू नका, फक्त ते सगळीकडे सारखं काळवंडावं म्हणून पहिले काही महिने जहाजाच्या दोन्ही बाजू आलटून पालटून खिडकीकडे वळवत राहा.